देवीचा वण आणि पाण्याचें भांडें



परवां माझ्या नातीनें माझ्या डाव्या दंडावरील दोन वाटोळ्या वणांवर बोट ठेवून विचारलें, "आजोबा, इथें काय लागलें होतें?" "लागलें नाहीं," मी म्हणालों, "माझ्या देवी काढल्या होत्या." ती क्षणभर विचारांत पडली आणि म्हणाली, "देव्हाऱ्यांतल्या?" घरांतील मंडळी हंसली, मीहि हंसलों. मागाहून मात्र मनांत आलें कीं, ज्या शब्दाच्या नुसत्या उच्चारानें माझ्या आईच्या जिवाचा थरकांप होई, तो शब्द या मुलीस ठाऊकहि नाहीं. हें पाहून समाधान वाटलें आणि थोडी काळजीहि वाटली. रोग डोळ्यांआड झाला कीं त्याविषयींची सावधगिरीहि हळूहळू सुटत जाते, हें मीं शाळेंत अनेक वर्षें पाहिलें आहे. तेव्हां आज सांथीच्या रोगांविषयीं जें बोलावयाचें तें या वणापासूनच सुरू करतों.

देवी हा रोग कसा होता, हें तरुण श्रोत्यांस सांगितलें पाहिजे. प्रथम कडक ताप, अंग मोडून येणें, आणि मग तोंडावर व हातापायांवर दाट फोड. दहा रोग्यांपैकीं सुमारें तीन दगावत. जे वांचत त्यांच्या चेहऱ्यावर जन्माचे खड्डे राहत, आणि कित्येकांची दृष्टि जाई. घरांत देवी आल्या म्हणजे फोडणी द्यावयाची नाहीं, दाराशीं कडुलिंबाचा टहाळा बांधावयाचा, अशी चाल असे. या चालीस हंसण्याचें कारण नाहीं. दाराशीं टहाळा दिसला कीं परका मनुष्य उंबरा ओलांडीत नसे, आणि तेवढा तरी संसर्ग टळे. औषध मात्र नव्हतें. तें शेवटपर्यंत सांपडलें नाहीं असें म्हटलें तरी चालेल. रोग गेला तो औषधानें नव्हे, लशीनें गेला.

इंग्लंडांतील एडवर्ड जेन्नर या खेडेगांवच्या डॉक्टरास गवळणींच्या बोलण्यांतून असें कळलें होतें कीं, गाईच्या आंचळांवर येणाऱ्या एका सौम्य रोगाचे फोड ज्यांच्या हातांस येतात त्यांस देवी येत नाहींत. १७९६ च्या मे महिन्यांत त्यानें अशा एका गवळणीच्या हातावरील फोडांतील द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्स नांवाच्या मुलास टोचला. पुढें त्यास मुद्दाम देवीचें विष टोचून पाहिलें, तरी त्या मुलास देवी आल्या नाहींत. लॅटिन भाषेंत गाईस 'व्हॅक्का' म्हणतात, त्यावरून 'व्हॅक्सीन' हा शब्द निघाला. दुसऱ्याच्या मुलावर असा प्रयोग आज कोणी करूं धजणार नाहीं व करूंहि नये. परंतु त्या मुलाच्या दंडापासून जी परंपरा सुरू झाली तिचें टोंक माझ्या दंडापर्यंत येऊन पोंचलें आहे.

'परंपरा' हा शब्द मीं अलंकार म्हणून वापरला नाहीं. त्या काळीं बर्फाच्या पेट्या नव्हत्या, आणि उष्ण हवेंत लस निकामी होई. मग ती हिंदुस्थानांत आणावयाची कशी? एका मुलास टोचावयाचें, आठ दिवसांनीं त्याच्या फोडांतील द्रव दुसऱ्यास टोचावयाचा, त्याच्याकडून तिसऱ्यास; असा दंडादंडावरून लशीनें प्रवास केला. कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा या वाटेनें ती मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंतील ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती प्रथम लागली. आपल्या देशांत देवीची लस यशस्वीपणें टोचली गेलेली हीच पहिली व्यक्ति. तिच्या फोडांतून ती मुंबईंतील दुसऱ्या मुलांस व तेथून पुण्यासुरतेकडे आणि पुढें मद्रासपर्यंत गेली. इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या सनावळ्या आम्हीं मुलांकडून पाठ करून घेतल्या. या मुलीचें नांव मात्र कधीं घेतलें नाहीं, याची आतां मला खंत वाटते.

लस काम कसें करते, हें वर्गांत मी एका उदाहरणानें सांगत असें. परीक्षेंत अगदीं अपरिचित गणित आलें तर हुशार मुलगाहि गडबडतो, आणि रीत सुचेपर्यंत घंटा होते. तेंच गणित सरावांत एकदां सोडवून घेतलें असेल तर तो पाहतांक्षणींच लिहावयास लागतो. आपल्या रक्तांत रोगजंतूंशीं लढणाऱ्या पेशी आहेत; परंतु नवा शत्रु ओळखून त्याच्यासाठीं शस्त्रें घडविण्यास त्यांस कांहीं दिवस लागतात, आणि घटसर्पासारखा रोग तेवढे दिवस देत नाहीं. लस म्हणजे मेलेला, दुबळा केलेला अथवा तुकड्यातुकड्यानें दाखविलेला शत्रु. तिच्यामुळें रोग न होतां सराव होतो, आणि त्याची आठवण ठेवणाऱ्या पेशी शरीरांत राहतात. कांहीं लशींची आठवण जन्मभर टिकते, कांहींची पुसट होत जाते. म्हणून धनुर्वात व घटसर्प यांच्या लशी पुन्हां पुन्हां टोंचाव्या लागतात. लस टोंचल्यावर एकदोन दिवस अंग कोंबट होतें, दंड दुखतो, तें या सरावाचेंच लक्षण समजावें.

देवीचा शेवट कसा झाला तें थोडक्यांत सांगतों. १९७४ सालीं बिहारांत व आसपासच्या प्रांतांत देवीची फार मोठी सांथ आली आणि हजारों माणसें दगावलीं. तेव्हां सरसकट सर्वांस टोंचण्याची जुनी पद्धत बाजूस ठेवून कार्यकर्ते घरोघर रोगी शोधीत फिरले. रोगी सांपडला कीं त्याच्या भोंवतालच्या सर्वांस ताबडतोब लस, असें कडें करीत गेले. रोग्याची बातमी देणारास बक्षीस ठेवलें होतें. मे १९७५ मध्यें आसामांतील करीमगंज भागांत देशांतील शेवटचा रोगी सांपडला. १९७७ च्या ऑक्टोबरांत सोमालियांत निसर्गतः झालेला जगांतील शेवटचा रोगी नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेनें हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें.

आतां कोणी म्हणेल कीं, असेंच सर्व रोगांचें कां करीत नाहीं? त्याचें उत्तर असें कीं, देवीचे जंतु केवळ माणसांतच राहत, रोग चेहऱ्यावर स्पष्ट दिसे, आणि अंगांत रोग बाळगून वर धडधाकट हिंडणारा मनुष्य त्यांत नसे. प्लेगचे जंतु उंदरांत राहतात. पटकी व विषमज्वर पाण्यांतून येतात, आणि विषमज्वराचा बरा झालेला रोगी महिनेंच्या महिने, कधीं वर्षानुवर्षें, जंतु बाहेर टाकीत राहतो. अशा ठिकाणीं एकट्या सुईचें काम नाहीं.

या संबंधांत प्लेगची हकीकत फार बोधप्रद आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत ताप व जांघेंत गांठ येऊन माणसें भराभर मरूं लागलीं. हा प्लेग आहे हें प्रथम ओळखून सांगणारे डॉक्टर आकासियो व्हिएगश हे मूळचे गोमंतकांतील. थोड्याच दिवसांत सरकारनें वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञास कलकत्त्याहून मुंबईस बोलाविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका खोलींत व तिच्या ओसरींत त्यानें प्रयोग मांडला, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं आपण बनविलेली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्यास ताप आला, अंग ठणकलें, आणि तो बरा झाला. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील जे कैदी आपखुशीनें पुढें आले त्यांस ती टोंचली. लस पूर्ण संरक्षण देत नसे, परंतु रोग व मृत्यु दोन्ही पुष्कळ कमी करी. परळ येथील संस्था आज त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

लस असतांनाहि लोक तिच्यापाशीं कां आले नाहींत? त्याच वर्षीं पुण्यांत काय झालें तें आपणांस ठाऊक आहे. सोजीर घरांत शिरले, देवघरें व माजघरें धुंडाळलीं, बायकामाणसांची तपासणी रस्त्यावर झाली. लोकांस रोगापेक्षां सरकारचें भय अधिक वाटूं लागलें. ते रोगी लपवूं लागले, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं चाफेकर बंधूंच्या हातून रँडचा वध झाला. त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले यांनीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्या सेवेंतच रोग होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. एकाच रोगाशीं झगडण्याच्या या दोन रीति. आणि गंमत अशी कीं, एवढी झाडाझडती करणाऱ्यांस हा रोग पसरवितो कोण, हें तेव्हां ठाऊकच नव्हतें! उंदरांवरील पिसवा ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ यानें कराचीस १८९८ सालीं दाखविली, आणि तिच्यावर लोकांचा विश्वास बसावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं.

पुढची गोष्ट याहूनहि विचार करण्याजोगी आहे. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल या खेड्यांत प्लेगची लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतून टोंचलेल्या एकोणीस माणसांस धनुर्वात झाला आणि तीं सर्व दगावलीं. साहजिकच लशीवर व हाफकिनवर खापर फुटलें. त्यास कामावरून दूर करण्यांत आलें. चौकशींत पुढें आलेली बाब अशी कीं, बाटलीचें बूच काढतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतां तसाच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत हाफकिनची बाजू मांडली आणि तो दोषमुक्त झाला. परंतु तोंवर त्याचीं उमेदीचीं पांच वर्षें वायां गेलीं होतीं, आणि खेड्यापाड्यांत लशीचें नांव वाईट झालें होतें तें निराळेंच. लस निर्दोष होती. मातींत पडलेल्या एका चिमट्यानें एकोणीस जीव घेतले. स्वच्छता आणि लस यांची फारकत करून चालत नाहीं, हें सांगण्यास मला याहून चांगलें उदाहरण माहीत नाहीं.

आजची सुई एकदां वापरून टाकून देण्याची असते, लस दोन ते आठ अंश उष्णतेंत जपलेली असते, बाटलीवर उष्णता दाखविणारें चिन्हहि असतें. तरी संशय संपलेला नाहीं. २०१८ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्रांत गोवर व रुबेला यांच्या लशीची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली तेव्हां मी नोकरींत होतों. माझ्या वर्गांतील ज्या पालकांनीं "आमच्या पाल्यास टोंचूं नये" अशा चिठ्ठ्या धाडल्या, त्यांत मोलमजुरी करणारे थोडे होते. अधिक होते ते चांगले शिकलेले. त्यांतील एका गृहस्थांस मीं कारण विचारलें. त्यांनीं खिशांतील फोन काढून कोणीतरी कोणासतरी पाठविलेला मजकूर दाखविला. मीं विचारलें, "आपण गोवर झालेलें मूल पाहिलें आहे का?" त्यांनीं पाहिलें नव्हतें. मी पाहिलें आहे. गोवराचें पुरळ चार दिवसांत मावळतें, परंतु मागून फुप्फुसाचा दाह होतो, कान फुटतात, डोळे जातात, क्वचित् मेंदूस सूज येते. गोवराइतका सांसर्गिक रोग दुसरा क्वचितच असेल: लस न टोंचलेल्या समाजांत एक रोगी बारा ते अठरा जणांस तो देऊं शकतो. म्हणूनच शंभरांपैकीं पंचाण्णव मुलांस दोन्ही मात्रा मिळाल्यावांचून सांथ थांबत नाहीं. २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवंडी व आसपास गोवराची सांथ आली आणि बालकें दगावलीं, ती ही संख्या खालीं आल्यामुळेंच. रुबेलाचा ताप मुलीस कांहींच करीत नाहीं. पण तोच गरोदर स्त्रीस झाला तर होणारें मूल बहिरें, मोतीबिंदू असलेलें अथवा हृदयाचा दोष घेऊन जन्मास येतें. चिठ्ठी धाडणाऱ्या त्या गृहस्थांनीं तिसऱ्या दिवशीं मुलीस स्वतः आणून सोडलें, हेंहि सांगितलें पाहिजे.

घरांतील मंडळींस माझी एक विनंति आहे. बाळाचें लशीचें कार्ड पहिल्या वर्षीं सर्वजण जपतात. पुढें तें कपाटांत जातें. गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांत असते. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची उजळणी त्याच सुमारास आणि पुन्हां पांच ते सहा वर्षांच्या वयांत असते. घटसर्प व धनुर्वात यांची दहाव्या व सोळाव्या वर्षीं पुन्हां असते. शाळेंत जाणाऱ्या मोठ्या मुलांस घटसर्प झाल्याचें ऐकूं येतें, तें बहुधा या मागाहूनच्या मात्रा चुकल्यामुळें.

आतां पाण्याकडे वळूं. शहरांत नळ आला, तेव्हां पटकी व विषमज्वर हे खेड्यांतले रोग, अशी आपली समजूत झाली आहे. पाणी शुद्धिकेंद्रांतून शुद्ध निघतें, हें खरें. परंतु तें दिवसांतून कांहीं तासच येतें. उरलेला वेळ नळ रिकामे असतात, आणि रिकाम्या नळास बारीक भेग असली तर शेजारच्या गटाराचें पाणी आंत झिरपतें. त्यांत कोणी नळावर थेट विजेचा पंप लावला तर तो शेजाऱ्याचें पाणी ओढतो इतकेंच नव्हे, घाणहि ओढतो. २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूस हातापायांतील शक्ति जाणाऱ्या गियाँ-बारे नामक विकाराचे रुग्ण एकाएकीं वाढले. कांहींच्या शौचांत कँपिलोबॅक्टर जातीचे जंतु आढळले आणि पिण्याच्या पाण्याकडे सर्वांचें लक्ष वेधलें. म्हणून पावसाळ्यांत, अथवा पाणी गढूळ वा दुर्गंधी येतांच, तें खळखळून उकळी येईपर्यंत तापवावें व उकळी एक मिनिट चालूं द्यावी. गच्चीवरील टांकी झांकलेली आहे ना, वर्षांतून दोनदां घांसली जाते ना, हें सोसायटीच्या सभेंत विचारावें. तेथें दिव्यांच्या माळांवर तासभर चर्चा होते.

आणखी एक घरगुती गोष्ट. आमच्या लहानपणीं घरांत सोंवळें कडक असे. परंतु सोंवळ्यांतील आजी माठांत तांब्या बुडवी तेव्हां तिचीं बोटेंहि पाण्यांत बुडत. सोंवळें निराळें, स्वच्छता निराळी. लांब दांड्याच्या ओगराळ्यानें पाणी काढावें, माठावर झांकण असावें, आणि शौचाहून आल्यावर, स्वयंपाकास बसण्यापूर्वीं व मुलांस भरविण्यापूर्वीं साबणानें हात धुवावेत. नुसत्या पाण्यानें हात ओले होतात. तेलकट घाणीबरोबर चिकटलेले जंतु साबणानेंच सुटतात. कुत्रा चावला तरीहि पहिलें औषध हेंच: जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, तीवर हळद, चुना, तिखट कांहींहि भरूं नये, आणि त्याच दिवशीं लशीसाठीं दवाखाना गांठावा. हा रोग एकदां प्रकट झाला कीं मनुष्य जवळजवळ वांचतच नाहीं.

आतां जें सांगणार आहें तें मीं फारसें कोणास सांगितलेलें नाहीं. १९६८ च्या उन्हाळ्यांत माझ्या दीड वर्षांच्या धाकट्या भावास जुलाब व वांत्या सुरू झाल्या. मी सहा वर्षांचा होतों. "पोटांत पाणी ठरत नाहीं, तेव्हां पाणी देऊं नका," असें आजीनें सांगितलें, शेजारच्या जाणत्या बाईनेंहि तेंच सांगितलें. आणि त्या वेळच्या समजुतीप्रमाणें त्या कांहीं वावगें बोलत नव्हत्या. तो पाण्याच्या भांड्याकडे हात करी, आणि आई भांडें उचलून आंत नेई. तिसऱ्या दिवशीं त्याचे डोळे खोल गेले, रडतांना अश्रु येईनासे झाले, आणि सायंकाळीं तो गेला. पुढें मास्तर झाल्यावर वाचनांत आलें कीं, त्याच वर्षीं ढाक्यास डॉक्टर मंडळी पटकीच्या रोग्यांस मीठ व साखर घातलेलें पाणी पाजून वांचवीत होतीं. १९७१ सालीं बांगलादेशांतील निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी उद्भवली, शिरेंतून देण्याचें सलाईन संपलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं तेंच पाणी पिपांतून वाटलें. रोग्यांच्या नातलगांनीं तें पाजलें. शेकडा तीसच्या घरांतील मृत्यूंचें प्रमाण चाराच्या खालीं आलें.

जुलाबांत आंतड्याची पाणी शोषण्याची शक्ति सर्वस्वी जात नाहीं. साखर बरोबर असली तर मीठ आंत घेतलें जातें, आणि मिठामागून पाणी जातें. नुसतें पाणी वा नुसती साखर दिल्यानें तितका उपयोग होत नाहीं, दोन्ही ठराविक प्रमाणांत लागतात. दुकानांत तयार पुडी मिळते, ती उत्तम. पण ती सांगितलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यांत एकदम घालावी, चिमूटचिमूट नव्हे. जस्ताच्या गोळ्या मुलास चौदा दिवस द्याव्या, त्या डॉक्टर देतील. मलूलपणा आला, लघवी बंद झाली, मलांत रक्त दिसलें, तर घरीं थांबूं नये.

माझी वेळ संपत आली. पुडी घरीं नसेल तर काय करावें तें सावकाश सांगतों. ज्यांच्या घरीं लहान मूल आहे त्यांनीं लिहून घ्यावें. उकळून थंड केलेलें पाणी, एक लिटर. साखर, चहाचे सपाट चमचे सहा. मीठ, चहाचा सपाट चमचा अर्धा. अर्ध्याहून अधिक मुळींच नाहीं. ढवळून चव पाहावी, अश्रूंहून खारट लागलें तर तें टाकून देऊन पुन्हां करावें. लहान मुलास चमच्याचमच्यानें, प्रत्येक जुलाबामागून द्यावें. वांति झाली तर दहा मिनिटें थांबावें आणि मग अधिक सावकाश पाजावें. आईचें दूध बंद करूं नये. चोवीस तासांनीं उरलेलें पाणी ओतून द्यावें व नवें करावें.